कोपरात अडकलेलं लग्न

अबू शाहेरांची करंगळी झोपी गेली तेव्हा कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही. करंगळी हा काही कुणी उठून रोज हजेरी घ्यावी असा अवयव नव्हे. पण एका सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर कोपर टेकवून, गल्लीत कोण कुणाच्या जागेत गाडी लावतंय याची नित्याची पाहणी चालू असताना त्यांच्या हातातून चहाचा पेला सुटला आणि खाली भाजीवाल्याच्या पिकअपमध्ये, टोमॅटोच्या ढिगावर जाऊन फुटला. भाजीवाला भोंग्यावरून टोमॅटोची तारीफ करत होता. त्याच भोंग्यावरून त्याने अबू शाहेरांची तारीफ सुरू केली. अम्मानच्या त्या डोंगरावर ज्या ज्या घराला खिडकी होती, त्या त्या घराने ती ऐकली.

"अहो, पेला पडला की टाकलात?" उम्म शाहेरनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आतून विचारलं.

"मी भूगोलाचा निवृत्त निरीक्षक आहे. मी पेले टाकत नाही," अबू शाहेर म्हणाले आणि उजव्या हाताकडे बघत बसले. करंगळी बधिर होती. शेजारचं बोटही बधिर होतं, पण अर्धंच, करंगळीकडच्या बाजूने. एकाच बोटाची अर्धी बाजू जागी आणि अर्धी झोपलेली, असला फाळणीचा प्रकार त्यांनी नकाशात पुष्कळ पाहिला होता, हातात नव्हता पाहिला.

एरवी त्यांनी हे कुणाला सांगितलंही नसतं. पण नेमकं त्याच आठवड्यात त्यांचा पुतण्या लैथ घरी आला, बराच वेळ बुटांकडे बघत बसला आणि म्हणाला, "काका, दानियाच्या घरी जाहा न्यायचीय. पुढे तुम्ही बसाल ना?"

जाहा म्हणजे मुलीला मागणी घालायला जाणारी घराण्यातल्या पुरुषांची वरात. तिच्या म्होरक्यापुढे मुलीकडचे लोक कडू कॉफीचा कप ठेवतात आणि तो म्होरक्या त्या कपाला हात लावत नाही. आधी मागणं, मग होकार, मग कॉफी. होकार मिळेपर्यंत कप तसाच. अबू शाहेर जन्मभर असल्या वरातींत मागच्या रांगेत, चपलांच्या शेजारी बसत आले होते. आणि लैथ म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचं पोर. भाऊ गेला तेव्हा ते एवढंसं होतं. त्याच्या बापाच्या जागी बसायला मिळणार म्हटल्यावर अबू शाहेरांनी तोंड फिरवलं. आणि पोराच्या दाढीवरून ओरडले.

आता घराण्यातल्या जाहा नेण्याचा ठेका होता त्यांच्या चुलतभावाकडे, अबू इयादकडे. त्याची मिशी खोलीत आधी यायची आणि तो मागून. टोमॅटोची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होतीच. घराण्याच्या बैठकीत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही हो. पण ह्यांच्या हातातून पेले पडतात म्हणे. उद्या चार पाहुण्यांसमोर कप पडला तर शोभा कुणाची?"

"माझ्या हाताला काहीही झालेलं नाही!" अबू शाहेर गरजले. "केसाइतकंही नाही!"

आणि गरजताना त्यांनी टेबलावर मूठ आपटली, ती चुकली आणि कोपर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. खांद्यापासून करंगळीपर्यंत अशी काही झिणझिणी गेली की ते एक पाय उचलून उभे राहिले. बैठकीला तो आवेश वाटला. मान त्यांना मिळाला.

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप डॉक्टरकडे गेले. डॉक्टर निस्रीन वयाने लहान आणि जिभेने मोकळी होती. तिने कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या खाचेत, बोटाने हलकेच टिचकी मारली. अबू शाहेर असे ओरडले की बाहेर बसलेले दोन पेशंट घरी निघून गेले.

"हीच ती," डॉक्टर खूश होऊन म्हणाली. "करंगळीकडे जाणारी नस इथून, हाडाच्या मागून जाते. अगदी कातडीखालून. कोपर दुमडलं की ती ताणली जाते, दाबली जाते. तुम्ही कोपर टेकवून बसता का कशावर?"

"मी? छे."

"बाल्कनीत?"

"बाल्कनीत बसतो. पण ते काम असतं."

"गाडीत बसलं की कोपर खिडकीवर?"

"मग कुठे ठेवायचं, डिकीत?"

"फोन कानाला लावून तासभर? झोपताना हात गालाखाली?"

ही बाई आपल्या घरात कधी येऊन गेली, हा विचार अबू शाहेरांना छळू लागला.

डॉक्टरने सांगितलं ते साधं होतं. कोपर टेकवू नका. फार वेळ दुमडून ठेवू नका. झोपताना कोपराभोवती मऊ टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे हात घडी होणार नाही. दिवसा मात्र हात हलता ठेवा, हा असा व्यायाम करा, आखडू देऊ नका. एक नसेची तपासणी करून घ्या. पेला वगैरे सुटतोय म्हणजे हयगय नको. आणि घाई करू नका, नस सावकाश बरी होते.

पण अबू शाहेर निरीक्षक होते. सूचनेतलं एकच वाक्य उचलायचं आणि त्याचा कडेलोट होईपर्यंत अंमल करायचा, ही त्यांची हयातभराची कार्यपद्धती. त्यांनी उचललं : कोपर दुमडायचं नाही.

नसेच्या तपासणीसाठी विम्याची मंजुरी लागत होती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "तक्रार कुठे?"

"बोटात."

"मग हाताचा विभाग."

"पण दुखणं कोपरात आहे."

"मग हाडांचा विभाग."

"पण आजार नसेचा आहे हो."

"मग मेंदूचा विभाग. चौथा मजला. बोटं किती?"

"दीड."

खिडकीतल्या माणसाने चष्मा काढला. "हाजसाहेब, अर्ध्या बोटाला आमच्याकडे मंजुरी नाही. एक करा किंवा दोन करा."

अबू शाहेरांनी तत्त्वाचा प्रश्न केला. दीड म्हणजे दीड. त्यामुळे कागद पुढच्या महिन्यात बसणाऱ्या कुठल्याशा समितीकडे गेला आणि अबू शाहेर घरी आले. जिन्यातच शेजाऱ्यांनी त्यांना घेरलं. गुप्तता जिन्यात टिकत नाही. वरच्या बाईंनी ऑलिव्हचं तेल आणि काळं जिरं सांगितलं. वाण्याने तुंबड्या लावायला सांगितलं. न्हाव्याच्या मते हा सगळा उशीचा दोष होता. एका टॅक्सीवाल्याने तर, "तापलेल्या सळीचा एकच डाग द्या, माझा मामा उठून पळत सुटला," असं सांगितलं. मामा बरा होऊन पळाला की सळीला भिऊन, याचा खुलासा त्याने केला नाही.

आणि खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर जिर्यस. जिर्यस सज्जन माणूस, पण एखादी वस्तू नीट चालत असली की त्यांना बेचैन व्हायचं. टॉवेल रात्री घसरतो ही तक्रार त्यांनी ऐकली आणि त्यांचे डोळे चमकले.

"बांधणी चुकतेय, अबू शाहेर. बाहेरून आधार पाहिजे. सोडा माझ्यावर."

सोडायचं नव्हतं. पण सोडलं. आणि कधी, तर जाहाच्याच दिवशी दुपारी. संध्याकाळी कप धरायचा तर हाताला दुपारची विश्रांती हवी, टॉवेल घसरता कामा नये, म्हणून जिर्यस टॉवेलावरून एक ओली पट्टी गुंडाळत गेले, गुंडाळत गेले. अबू शाहेर आडवे झाले आणि घोरू लागले. उठले तेव्हा हात खांद्याखालपासून मनगटाच्या अलीकडेपर्यंत काठीसारखा सरळ होता आणि वर टकटक केलं तर दारासारखा वाजत होता.

"इंजिनिअर! ही पट्टी कसली?"

"गच्चीवरच्या टाकीचा पाइप गळतो ना, त्यावर लावतात ती," जिर्यस अभिमानाने म्हणाले. "पाणी लागलं की दगड होते. माझ्या टाकीला लावलीय, थेंब नाही गळत."

"मी गळत नव्हतो हो!"

"आता गळणारही नाही."

उम्म शाहेरनी भाजीची सुरी चालवली. सुरी वाकली. मग कुनाफ्याची मिठाई कापायचा सत्तूर. त्याला खाच पडली. जिर्यसची करवत मेहुण्याकडे होती, मेहुणा इर्बिदला होता. खाली गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. घराण्यातले झाडून सगळे पुरुष इस्त्री करून गाड्यांत बसले होते. दारात लैथ उभा होता, नव्या सुटात, तोंडाला रंग नाही.

"काका, चला ना. उशीर झाला तर दानियाचे वडील..."

अबू शाहेरांनी त्याच्याकडे पाहिलं. भावाचेच कान, भावाचीच घाबरल्यावर मान खाजवायची सवय. आता जर म्हटलं की हात वाकत नाही, तर गाडीतून अबू इयादची मिशी उतरणार आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसणार.

"बिश्त आण," ते बायकोला म्हणाले. सोनेरी काठाचा तो ढगळ झगा खांद्यावर चढला आणि कोपर दिसेनासं झालं.

"अहो, कॉफी कशी पिणार?" उम्म शाहेरनी हळूच विचारलं.

"तिथे बघू."

जगातली निम्मी संकटं या दोन शब्दांनी सुरू होतात, पण हॉर्न वाजत असताना हे कुणाला सुचतं?

गाडीत हात मावेना. शेवटी तो खिडकीतून बाहेर काढावा लागला. अम्मानच्या रस्त्यांतून जाहा निघाली आणि पहिल्या गाडीतून एक हात आडवा बाहेर. लोक उलट हात करू लागले. दोन मिनीबस थांबल्या. एका चौकात पोलिसाला वाटलं, कुणी वरिष्ठ वाहतूक थांबवतायत. त्याने बाकीच्या गाड्या अडवल्या आणि सलाम ठोकला. मागच्या गाडीत अबू इयादच्या मिशीचं टोक खाली आलं. त्याच्या जाहाला कधी कुणी सलाम ठोकला नव्हता.

दानियाच्या घरी दारात स्वागताला रांग उभी होती. गळाभेट घ्यायची, दोन्ही गालांना गाल लावायचा, तर अबू शाहेरांचा हात मध्ये आडवा. जो जवळ यायला बघेल तो हाताच्या टोकालाच अडायचा. छातीवर हात ठेवून मान झुकवायची, तर तेही जमेना. मुलीचे वडील अबू तैसीर मनातून जरा चरकले. "आज ताठ दिसतायत," ते कुजबुजले. "काहीतरी मनात धरून आलेत."

सगळे बसले. कॉफीचा कप आला आणि अबू शाहेरांच्या समोरच्या लहान टेबलावर विराजमान झाला. अबू शाहेर बोलायला उठले. न्हाणीघरात महिनाभर घोटलेलं भाषण होतं ते. अल्लाचं नाव, दोन्ही घराण्यांचा मोठेपणा, मग पोराचे गुण. शेवटी ते म्हणाले, "हा माझ्या भावाचा मुलगा. आज भाऊ असता तर इथे तो उभा असता. मी त्याच्या जागी हात पसरतोय." आणि हात खरोखरच पसरलेला होता. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

मुलीकडून तिचे आजोबा हाज मिफलेह उठले. "अबू शाहेर, मुलगी तुमची. कॉफी घ्या."

अबू शाहेर खाली बसले. कपाकडे पाहिलं. डाव्या हाताने कॉफी घ्यावी तर यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं. उजव्याने घ्यावी तर... त्यांनी प्रयत्न केला. कप बोटांच्या टोकांनी धरला, उचलला आणि सरळ हाताने तो जिथे जाऊ शकत होता तिथेच गेला, म्हणजे समोर. अबू तैसीरांच्या नाकासमोर.

होकार मिळाल्यावर कॉफी परत करणारा म्होरक्या आजवर कुणी पाहिला नव्हता.

अबू शाहेरांनी घाईघाईने कप खाली ठेवला. हाज मिफलेह आपल्या मुलाच्या, अबू तैसीरांच्या, कानाशी लागले. अबू तैसीरांनी घसा साफ केला. "आलं लक्षात. लग्नानंतर माझ्या वरच्या मजल्यावरच राहिलं पाहिजे, ही अट तुम्हाला आवडलेली नाही. ठीक आहे. पोरं पाहिजे तिथे घर करू देत. घ्या कॉफी."

लैथचा चेहरा असा काही फुलला की अबू शाहेरांच्या ओठांवर आलेलं वाक्य ओठांवरच राहिलं. आता सांगायचं तरी काय? की मला काही नको होतं, मी नुसता पाइप झालोय? ते कपाकडे बघत बसले.

"अरे, काय माणूस आहे!" कुणीतरी मागे पुटपुटलं.

"बरं," अबू तैसीर कपाळ पुसत म्हणाले. "माझा भाऊ आखातातून येईपर्यंत वर्षभर थांबायचं म्हटलं होतं. नाही थांबत. याच उन्हाळ्यात लग्न लावू. घ्या."

कप तसाच.

"मोटारसायकलही विकू नको म्हणावं, ठेवू दे त्याला!" अबू तैसीरांचा आवाज चिरकला.

लैथने काकांकडे असं पाहिलं की काकांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी पाचावर धारण बसली. अबू इयाद मागून कानात फुसफुसला, "बास की रे! एवढं तर मीसुद्धा कधी काढलं नाही. आता काय त्यांची गच्ची मागतोस?"

मुलीचा एक मामा पाण्याच्या कचेरीत होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, पण ती शांतता त्याला सोसवेना. तो ताडकन उठला. "तुमच्या गल्लीचा पाण्याचा वार बदलून देतो! गुरुवार, सुट्टीच्या आदल्या दिवशी! वर दाबही वाढवतो!"

मुलाकडच्या रांगेत आनंदाची लाट उसळली. इंजिनिअर जिर्यसनी तर टाळीच वाजवली. अबू शाहेरांना दरदरून घाम फुटला होता. त्यांनी मान पुढे घालून तोंडच कपापर्यंत नेता येतं का पाहिलं, पण ताठ हात टेबलाला लागला आणि टेबल कपासकट वीतभर दूर सरकलं.

हे मात्र अती झालं. अबू तैसीर उभे राहिले. मान लाल झाली होती. "टेबल ढकलता? माझ्या घरात? माझी लेक काय बाजारात आणून ठेवलीय मी, की तुम्ही बसून भाव पाडावा? पुरे झालं. कॉफी आत न्या."

कॉफी आत गेली की मागणी संपली. लैथ उठून उभा राहिला होता. तो मान खाजवत होता. अगदी बापासारखा. अबू शाहेरांच्या काळजात चर्र झालं. कसली खुर्ची आणि कसला मान, खड्ड्यात गेलं सगळं.

"थांबा!" ते ओरडले आणि डाव्या हाताने बिश्त खांद्यावरून ओढून फेकून दिला. "हे बघा! ठोकून बघा! पाइप आहे हा! कोपरातली नस दाबली गेलीय माझी, करंगळी मेलीय, बाजूचं बोट अर्धं मेलंय, आणि ह्या इंजिनिअरने मला टाकीची पट्टी लावलीय! मी काही मागत नाहीये हो! मला फक्त कॉफी पिता येत नाहीये!"

मग हाज मिफलेह काठी टेकत पुढे आले. त्यांनी काठीने हातावर टकटक केलं. दारासारखा आवाज आला. म्हाताऱ्याने वाकून विचारलं, "करंगळी आणि अर्धं बोट?"

"हो."

"ह्या बाजूचं अर्धं?"

"हो!"

"माझंही!" हाज मिफलेह आपली दोन बोटं नाचवत म्हणाले. "अरे अबू तैसीर, मी वर्षभर सांगतोय आणि तुम्ही म्हणता, म्हातारं भ्रमलंय!"

पुढे जे झालं त्याला जाहा म्हणणं कठीण. अबू तैसीरांनी कबूल केलं की गाडीच्या खिडकीवर कोपर ठेवून त्यांनाही मुंग्या येतात. पाण्याच्या कचेरीतल्या मामाला फोन धरला की येतात. दोन्ही घराण्यांचे लोक बाह्या वर करून एकमेकांची कोपरं चाचपू लागले, टिचक्या मारू लागले आणि ओरडू लागले. कुणी तेल सांगितलं, कुणी तुंबड्या. अबू इयाद म्हणाला, त्याला गेल्या ईदपासून आहे, पण घराण्याच्या इज्जतीसाठी तो बोलला नव्हता. अबू शाहेर गर्दीच्या मधोमध बसून सांगत होते, "टेकवायचं नाही, फार दुमडायचं नाही, टॉवेल सैल बांधायचा. आणि दिवसा हलवायचं! ते मी ऐकलं नाही, तुम्ही ऐका!" निरीक्षक झाल्यापासून त्यांचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. नवरा मुलगा कोपऱ्यात एकटा उभा होता. त्याचं कोपर बिचाऱ्याचं ठणठणीत होतं, त्यामुळे त्याला कुणी विचारत नव्हतं.

आतल्या दाराशी बायका कान लावून होत्या. लग्न ठरल्याची किलकारी ठोकायला तयार होऊन त्यांचे ओठ दुखायला लागले होते. शेवटी दार उघडलं आणि दानियाच बाहेर आली, हातात वाफाळत्या कॉफीचा नवा कप. पुरुषांच्या बैठकीत मुलगी येत नाही, पण आज बैठक जागेवर होतीच कुठे? ती सरळ अबू शाहेरांसमोर गेली.

"काका, आता प्या," ती म्हणाली. "नाहीतर माझं लग्न तुमच्या कोपरातच अडकून राहील."

आणि तिने कप त्यांच्या ओठांना लावला. अबू शाहेरांनी डोळे मिटून कॉफी प्यायली. बाहेरच्या खोलीत एक मोठा सुस्कारा सुटला आणि आतल्या खोलीत बायकांनी घर दणाणून सोडलं.

त्या गलक्यात अबू तैसीर एकदम भानावर आले. "एक मिनिट! म्हणजे ह्यांना काही नकोच होतं? मग तो वरचा मजला? ती मोटारसायकल? ते सगळं मी उगाच..."

"बाबा," दानिया म्हणाली, "कॉफी संपली."

संपली म्हणजे संपली. त्यावर कुणाच्या बापाला बोलता येत नाही, आणि हा तर तिचाच बाप होता. ती हसायला लागली, हसताना तिचा हात हलला आणि कपाच्या तळाशी उरलेला गरम थेंब टेबलावर पसरलेल्या अबू शाहेरांच्या करंगळीवर पडला.

"आई गं!" अबू शाहेर किंचाळले.

"माफ करा काका! भाजलं का?"

"भाजलं!" अबू शाहेर म्हणाले. त्यांनी करंगळीकडे पाहिलं, मग लैथकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अरे ऐकलंत का रे? भाजलं! पोरी, अजून एक कप आण."